कंटेनर जहाज धक्का सोडतं तेव्हा टग काय करतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भाऊच्या धक्क्यावरून मोऱ्याला जाणारे, घारापुरीच्या लाँचमधून न्हावा-शेव्याच्या क्रेन पाहणारे, बोटीवर नोकरी शोधणारी मुलं आणि काही निर्यातदार यांच्याकडून येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. टग म्हणजे मोठ्या जहाजाला ओढणारी-ढकलणारी छोटी पण ताकदवान बोट. उदाहरणं शक्यतो जवाहरलाल नेहरू बंदराची, म्हणजे न्हावा-शेव्याची आहेत. दुसरीकडचं उदाहरण असेल तिथे तसं सांगितलं आहे.

१. एवढं अवाढव्य जहाज, एवढं ताकदवान इंजिन. मग निघायला टग कशाला?

इंजिनाची ताकद फक्त पुढे किंवा मागे लागते. धक्क्याला चिकटून उभ्या जहाजाला आधी आडवं सरकायचं असतं आणि त्या दिशेला मुख्य पंख्याचा काही उपयोग नाही. दुसरी अडचण सुकाणूची. सुकाणूवरून पाणी वाहिलं तरच जहाज वळतं, त्यामुळे वेग नसेल तर सुकाणू म्हणजे नुसता लोखंडी पत्रा. आणि वेग घ्यावा तर मोठ्या कंटेनर जहाजाचा 'डेड स्लो अहेड', म्हणजे इंजिनाची सगळ्यात हळू चाल, हीच ६ ते ८ नॉटपर्यंत (ताशी साधारण ११ ते १५ किलोमीटर) जाते. धक्के, क्रेन आणि शेजारची जहाजं यांच्यामध्ये हा वेग फार झाला. शून्य ते साधारण ४ नॉट या टप्प्यात जहाजाला स्वतःवर नीट ताबा नसतो. टग त्या टप्प्यासाठी असतात.

२. किती टग लावायचे हे कोण ठरवतं?

जहाजाच्या लांबीप्रमाणे किमान किती टग लागतील हे बंदराच्या नियमांत ठरलेलं असतं. त्यावर वाढवायचे का, हे पायलट, म्हणजे जहाजाला बंदरात वाट दाखवणारा जाणकार, आणि कप्तान त्या दिवशीचा वारा, प्रवाह आणि जहाजाची अवस्था बघून ठरवतात. ३०० मीटरच्या आसपासच्या जहाजाला सहसा दोन टग पुरतात. ३६६ मीटरच्या जहाजाला तीन, आणि वारा असेल तर चार.

खरा हिशोब वाऱ्याचा असतो. कंटेनर जहाज म्हणजे वाऱ्यापुढे उभी केलेली भिंत. डेकवर सात-आठ थर असतील तर ३६६ मीटरच्या जहाजाची बाजू सुमारे १२,००० चौरस मीटर भरते. अंदाजाचं सूत्र सोपं आहे: वाऱ्याचा वेग मीटर प्रति सेकंदात घ्या, त्याचा वर्ग करा, १८ ने भागा आणि बाजू जितके हजार चौरस मीटर भरते तितक्याने गुणा. उत्तर टनात येतं.

२० नॉटचा वारा म्हणजे १०.३ मीटर प्रति सेकंद. आडवा लागला तर जोर साधारण ७१ टन. ३० नॉटला तोच १५८ टन. वारा दीडपट वाढला आणि जोर सव्वादोनपट झाला. त्यावर निदान २५ टक्के राखीव धरायचे. म्हणजे २० नॉटला ९० टनांच्या आसपास ताकद हवी, जी ६० टनांचे दोन टग सहज देतात. ३० नॉटला जवळपास २०० टन हवेत. ६० टनांचे तीन टग आणि बो-थ्रस्टर (जहाजाच्या नाकाशी बसवलेला, आडवा जोर देणारा पंखा) मिळूनही जेमतेम तिथवर पोचतात. 'थोडंसंच वारं आहे, निघू या' असं जहाज कंपनीचा एजंट फोनवर म्हणतो तेव्हा पायलट का ऐकत नाही, ते या आकड्यांत आहे.

३. टगची ताकद हॉर्सपॉवरमध्ये सांगतात की टनात?

कामाचा आकडा टनात, त्याला बोलार्ड पुल म्हणतात. खोल, शांत पाण्यात टगचा लांब दोर किनाऱ्यावरच्या बोलार्डला, म्हणजे दोर बांधायच्या खुंटाला, बांधतात, मध्ये ताण मोजणारं यंत्र लावतात, टग पूर्ण ताकदीने ओढायला लावतात आणि सलग टिकणारा ताण नोंदवतात. केंद्र सरकारच्या प्रमाणित आराखड्यानुसार उडुपी कोचीन शिपयार्डने बांधलेले टग ६२ टनांचे आहेत. मोठ्या कंटेनर टर्मिनलला ६० ते ८० टनांचे टग लागतात.

पण हा आकडा उभ्या टगचा आहे. जहाज चालू लागलं की टगची बरीच ताकद जहाजाबरोबर राहण्यातच खर्च होते. शिवाय दोर आखूड ठेवून टग जहाजाला धक्क्यापासून ओढत असेल, तर त्याच्या पंख्यांचं पाणी जहाजाच्याच अंगावर आदळतं आणि ते उलटं ढकलतं. अशा वेळी इंजिन वाढवून काही होत नाही, दोर लांब सोडावा लागतो. समोर दुसरं जहाज उभं असलं की दोर सोडायला जागा नसते. अरुंद जागेतली निम्मी कटकट यातून होते.

४. जहाजाला बो-थ्रस्टर असतो ना? मग पुढचा टग वाचवता येत नाही का?

लहान जहाजावर, वारा नसताना, वाचवतात. मोठ्या जहाजावर हा हिशोब फसवा ठरतो. ३,००० किलोवॅटचा थ्रस्टर सुमारे ४० टनांचा जोर देतो, पण जहाज उभं असताना. दोन नॉटपासूनच तो उतरायला लागतो आणि पाच नॉटच्या पुढे जवळजवळ निरुपयोगी होतो. जहाज हलकं असेल तर थ्रस्टरचा बोगदा पाण्यात पुरेसा खोल नसतो, मग तो हवा ओढतो. आणि ऐन वेळी थ्रस्टरचा विजेचा ब्रेकर पडणं ही अगदी नेहमीची तक्रार आहे. म्हणून थ्रस्टर हिशोबात धरतात, पण त्याच्या भरवशावर टग कमी करत नाहीत.

५. निघण्याचा नेमका क्रम काय असतो?

शेवटचा कंटेनर चढला आणि लॅशिंग, म्हणजे कंटेनर डेकवर घट्ट बांधणं, पूर्ण झालं की क्रेनचे बूम वर घेतात आणि क्रेन जहाजाच्या मधल्या भागाकडे सरकवतात. याचं कारण जहाजाच्या आकारात आहे. कंटेनर जहाजाचं पुढचं टोक वर फाकलेलं असतं आणि ते धक्क्याच्या काठावरून आत झुकतं. निघताना मागची बाजू जास्त बाहेर गेली तर पुढचं झुकलेलं टोक क्रेनच्या पायाला लागू शकतं. क्रेन पडण्याचे अपघात जगभर असेच झाले आहेत.

पायलट चढला की कप्तान त्याला पायलट कार्ड देतो: ड्राफ्ट (जहाज पाण्यात किती खोल बुडालंय), इंजिनाचे वेग, थ्रस्टर चालू की बंद, काही बिघाड. टग कुठे बांधायचे आणि कुठे सोडायचे हे इथेच ठरतं. इंजिन पुढे आणि मागे क्षणभर फिरवून तपासतात. ठरल्याप्रमाणे टग आपापल्या जागी येऊन दोर देतात (प्रश्न ६). टग पक्के झाल्याशिवाय धक्क्यावरचे दोर कमी करायचे नाहीत, हा नियम कोणी मोडू नये.

मग 'सिंगल अप', म्हणजे धक्क्यावरचे दोर कमी करणं. पुढे चार, मागे चार आणि पुढे-मागे दोन-दोन स्प्रिंग (जहाजाला पुढे-मागे सरकू न देणारे दोर) असे दोर असतील तर पुढे दोन दोर आणि एक स्प्रिंग, मागेही दोन दोर आणि एक स्प्रिंग इतकेच ठेवतात. उरलेले पायलटच्या हुकमावर सुटतात. स्प्रिंग सहसा शेवटी, म्हणजे जहाज पुढे-मागे घसरत नाही. मागचे दोर पाण्यातून पूर्ण वर येईपर्यंत मुख्य पंखा फिरवायचा नाही. मागच्या डेकवरून अधिकारी 'ऑल क्लिअर आफ्ट' म्हणेपर्यंत ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवायच्या खोलीत, सगळे गप्प असतात.

आता टग ओढतात. आधी अगदी हळू, दोर ताणला जाईपर्यंत, मग मिनिमम, मग हाफ. पुढचा आणि मागचा टग सारख्या जोराने ओढतात, जेणेकरून जहाज धक्क्याला समांतर राहूनच बाहेर येईल. साधारण जहाजाच्या एका रुंदीएवढं, म्हणजे ५० मीटर अंतर पडलं की मुख्य इंजिन वापरता येतं. तोंड उलट्या बाजूला असेल तर आधी वळणाच्या जागेत फिरवावं लागतं: पुढचा टग एका दिशेला, मागचा दुसऱ्या. जागा जहाजाच्या लांबीच्या निदान दीडपट हवी, दुप्पट असेल तर जीव भांड्यात पडतो.

६. टग आणि जहाज यांच्यामधला दोर कोणाचा? तो बांधतात कसा?

दोर टगचा, त्याच्या विंचवरचा, म्हणजे दोर गुंडाळणाऱ्या यंत्रावरचा. हल्ली तो पॉलिथिलीनच्या खास धाग्याचा असतो: पोलादी तारेइतका मजबूत, खूप हलका आणि पाण्यावर तरंगणारा. जहाजावरून खलाशी बारीक हीव्हिंग लाइन खाली टाकतो. टगवर ती मेसेंजर दोराला बांधतात. मेसेंजर वर ओढून विंचवर घेतला की मागोमाग मुख्य दोराचा फासा वर येतो आणि तो जहाजाच्या बिट्सवर, म्हणजे डेकवरच्या लोखंडी खुंटांवर, चढवतात. हीव्हिंग लाइनच्या गाठीत वजनासाठी नट-बोल्ट घालणाऱ्या जहाजाला टगवाले शिव्या घालतात, आणि ते योग्यच आहे. पंधरा-वीस मीटरवरून आलेला तो तुकडा डोकं फोडतो. वाळूची पिशवी पुरते.

बिट्सवर आणि दोर बाहेर पडतो त्या फेअरलीडवर सुरक्षित भार टनात लिहिलेला असतो. तो वाचणं हे कागदी काम समजू नका. बिट्स ६४ टनांचे आणि टग ८० टनांचा असेल तर पायलटला ते आधी कळायला हवं, म्हणजे तो 'फुल' मागणार नाही. टगचा दोर जहाजाच्या विंचच्या ड्रमवर कधीही घ्यायचा नाही. ड्रमचा ब्रेक त्या ताणासाठी केलेला नसतो.

७. जहाजाच्या अंगावर 'टग' असं का लिहिलेलं असतं?

आत मजबूत फ्रेम किंवा आडवी भिंत आहे तिथेच ढकल, असा त्याचा अर्थ. दोन फ्रेमच्या मधल्या पातळ पत्र्यावर ६० टनांचा जोर आला तर पत्रा आत दबतो. रात्री या खुणा सर्चलाइट टाकून शोधाव्या लागतात.

८. निघताना टग जहाजाला उलट धक्क्यावरच दाबताना दिसला. चुकत होता का?

नाही. वारा धक्क्यावरून समुद्राकडे असेल तर दोर सुटायला लागताच जहाज स्वतःहून बाहेर पळतं. दोन दोर गेले की उरलेल्या दोन दोरांवर सगळा भार येतो आणि ते तुटू शकतात. म्हणून टग जहाज दाबून धरतात, दोर निवांत सोडवून घेतात आणि मग हळूहळू दाब कमी करतात. वारा धक्क्याच्या दिशेने असेल तर याच्या उलट: टगनी आधी जोर घ्यायचा आणि जहाज सुटलं की न थांबता बाहेर काढायचं. मध्येच ढिलाई झाली तर जहाज पुन्हा धक्क्यावर येतं आणि धक्क्याचे रबरी फेंडर चिरडतात.

९. टग उलटतो तो कसा?

बंदरातल्या टगचा सगळ्यात जुना आणि सगळ्यात जलद अपघात हा. दोराचा ताण टगच्या मागे किंवा पुढे असेल तोवर ठीक. जहाजाने वेग घेतला किंवा ते अचानक वळलं आणि दोर टगच्या कुशीत आडवा आला, तर तोच दोर टगला आडवं पाडतो. एकदा डेकची कड पाण्याखाली गेली की सावरायला काही सेकंदच असतात. जुन्या पद्धतीच्या, हुक मध्यभागी आणि पंखा मागे असलेल्या टगला हा धोका जास्त. त्यावर उपाय म्हणून दोर मागच्या बाजूला खाली जखडून ठेवणारा आखूड 'गॉब रोप' वापरतात.

नव्या टगवर विंचला आपत्कालीन सुटका असते. बटण दाबलं की ताणाखालीही ड्रम मोकळा होतो. ते बटण दर कामाआधी तपासायचं. ओढकाम चालू असताना डेकचे आणि इंजिन रूमचे जलरोधक दरवाजे बंद ठेवायचे. न्हावा-शेव्याच्या मे महिन्यात, आत ४० अंश तापलेलं असताना, हा नियम पाळणं जिवावर येतं आणि नेमका तेव्हाच दरवाजा उघडा सापडतो.

१०. पुढचा टग सगळ्यात धोक्याच्या जागी का मानतात?

चालत्या जहाजाच्या नाकाशी पाण्याचा दाब जास्त असतो आणि खांद्यापाशी अचानक कमी होतो. दोर द्यायला जवळ आलेला टग या दाबाच्या फरकात सापडला की आधी बाहेर लोटला जातो आणि पुढच्याच क्षणी आत, जहाजाच्या नाकासमोर ओढला जातो. वेग दुप्पट झाला तर हा जोर चौपट होतो. म्हणून दोर देता-घेताना जहाजाचा वेग ६ नॉटच्या आत हवा. 'डेड स्लो'च ८ नॉट असलेल्या जहाजाने इंजिन मधून मधून बंद करून हा वेग राखायचा असतो. पायलटने हे सांगितलं नाही तर टगच्या सारंगाने (चालकाने) स्वतः विचारावं.

११. एएसडी, ट्रॅक्टर, साधा टग: फरक काय?

साध्या टगला मागे एक किंवा दोन स्थिर पंखे आणि सुकाणू. एएसडी (अझिमथ स्टर्न ड्राइव्ह) टगला मागे दोन पंखे, प्रत्येक ३६० अंशांत फिरणारा, त्यामुळे तो आडवा चालू शकतो आणि जागच्या जागी वळतो. भारतातल्या कंटेनर बंदरांत आज हेच जास्त. ट्रॅक्टर टगचे पंखे पुढच्या भागात पोटाखाली असतात आणि दोर मागून जातो. त्यामुळे दोराचा ताण टगला आडवं पाडण्याऐवजी जहाजाच्या मागे सरळ रेषेत आणतो. उथळ पाण्यात मात्र पोटाखालचा हा भाग सांभाळावा लागतो.

१२. पायलट टगशी काय बोलतो?

व्हीएचएफ रेडिओवर, अगदी तुटक. आधी टगचं नाव, मग दिशा, मग जोर: मिनिमम, हाफ, फुल, स्टॉप. सारंग हुकूम जसाच्या तसा परत म्हणतो. नाव गाळलं तर चुकीचा टग ओढायला लागतो, कारण तिन्ही टग त्याच चॅनलवर ऐकत असतात. हुकूम इंग्रजीत आणि गप्पा हिंदी-मराठीत, असंच बहुतेक ठिकाणी चालतं. रेडिओ बंद पडला तर शिट्टीचे ठरलेले संकेत असतात, ते आधी बोलून घ्यावे लागतात.

१३. टग सोडतात कधी?

जहाज चॅनलमध्ये, म्हणजे जहाजांच्या खोल वाटेत, सरळ झालं आणि सुकाणू ऐकू लागलं की आधी पुढचा टग आणि बाजूचे, शेवटी मागचा. सोडताना दोर मेसेंजरवर हळूहळू खाली द्यायचा, वरून धाडकन टाकायचा नाही. तरंगणारा असला तरी तो जहाजाच्या पंख्यात ओढला जातो आणि मग टगसुद्धा त्याच्यामागे जातो.

मागचा टग कुठवर बरोबर ठेवायचा, हा प्रश्न अमेरिकेतल्या बाल्टिमोरच्या अपघातानंतर सगळीकडे पुन्हा निघाला. २६ मार्च २०२४ रोजी 'डाली' या कंटेनर जहाजाला दोन टगनी धक्क्यावरून काढलं आणि ते नेहमीप्रमाणे परत गेले. त्यानंतर जहाजाची वीज गेली आणि ते फ्रान्सिस स्कॉट की पुलाच्या खांबावर आदळलं. पुलावर काम करणारे सहा जण दगावले. वाटेत पूल असेल तर मागे बांधलेला एस्कॉर्ट टग पुलापलीकडे जाईपर्यंत ठेवावा, असं आमचं मत आहे. ८ नॉटच्या पुढे असा टग आडवा होऊन पाण्याचाच दाब वापरतो आणि स्वतःच्या बोलार्ड पुलापेक्षाही जास्त जोर लावू शकतो.

१४. २०१० मध्ये मुंबईजवळ झालेली टक्कर टगमुळे टळली असती का?

७ ऑगस्ट २०१० रोजी न्हावा-शेव्याहून बाहेर निघालेलं 'एमएससी चित्रा' आणि आत येणारं 'खलिजिया ३' यांची टक्कर झाली, कंटेनर पाण्यात पडले आणि चॅनल काही दिवस बंद राहिला. ती दोन चालत्या जहाजांची टक्कर होती. धक्क्यावरून काढणारे टग हा त्यावरचा उपाय नाही. वाहतूक नियंत्रण आणि दोन्ही ब्रिजमधला संवाद, हे तिथले प्रश्न.

१५. पावसाळ्यात न्हावा-शेव्यात काय बदलतं?

वारा नैऋत्येचा आणि झोताने येतो. सरासरी १८ नॉट दिसत असताना सरीबरोबर ३० चा झोत येतो, म्हणून हिशोब झोताचा करायचा (प्रश्न २). बाहेरच्या बाजूला लाटा असतात. तिथे टग वर-खाली होतो आणि दोराला हिसके बसतात. पॉलिथिलीनचे हे नवे दोर (प्रश्न ६) ताणले जात नाहीत, त्यामुळे हिसका थेट बिट्सवर येतो. त्यासाठी नायलॉनचा लवचिक तुकडा मध्ये जोडतात आणि दोर लांब ठेवतात.

भरतीचा प्रश्न बारमाही आहे. खोल ड्राफ्टचं जहाज भरती धरूनच निघतं, त्यामुळे टगना उशीर झाला तर नुसता तास जात नाही, पुढच्या भरतीपर्यंत, म्हणजे सुमारे बारा तास थांबावं लागतं. उधाणाच्या दिवसांत प्रवाहही जोरात असतो. मासेमारीचा हंगाम सुरू झाला की कोळ्यांच्या डोल जाळ्यांचे दोर आणि तरंगणारी जाळी चॅनलच्या कडेला येतात. टगच्या पंख्यात जाळं अडकलं तर तो टग त्या दिवसापुरता गेला. नुकसान जाळेवाल्याचंही होतं.

१६. जहाजाचं इंजिनच बंद असेल तर?

याला कोल्ड मूव्ह म्हणतात. थ्रस्टर नाही, बऱ्याचदा डेकवरच्या विंचनाही वीज नाही. दोर हातांनी ओढावे लागतात, म्हणून माणसं जास्त लागतात. टग नेहमीपेक्षा निदान एक-दोन जास्त, दिवसाउजेडी, कमी वाऱ्यात आणि शक्यतो भरती संपून पाणी थांबलेलं असताना. मागे मध्यावर एक मोठा टग ठेवतातच, कारण जहाज थांबवायला दुसरं काही नसतं. नांगर टाकायला तयार ठेवायचा. वीज नसली तरी तो ब्रेक मोकळा करून पडतो.

१७. टगचे पैसे कोण भरतं?

जहाजाची कंपनी, एजंटमार्फत. देशातल्या प्रमुख बंदरांत पायलट आणि टग यांचा आकार सहसा एकत्र असतो आणि जहाजाच्या ग्रॉस टनेजवर, म्हणजे एकूण आकारमानावर, ठरतो. कोल्ड मूव्हला जादा आकार. टग बोलावून जहाज तयार नसेल तर त्याचंही बिल येतं.

१८. विजेवर चालणारे टग आपल्याकडे येणार का?

केंद्राचा हरित टग कार्यक्रम २०२४ मध्ये सुरू झाला आणि पहिल्या टप्प्यातल्या चार बंदरांत न्हावा-शेवाही आहे. काम तांत्रिकदृष्ट्या जमतं: न्यूझीलंडमधल्या ऑकलंड बंदराचा 'स्पार्की' हा ७० टनांचा विजेवरचा टग २०२२ पासून काम करतो. बंदरातला टग दिवसाचा बराच वेळ उभा असतो, म्हणून चार्जिंगला वाव आहे. अडचण येईल ती पावसाळ्यात, लागोपाठ तीन-चार जहाजं पूर्ण ताकदीने काढावी लागतील तेव्हा.

१९. टगच्या चुकीने जहाजाचं किंवा धक्क्याचं नुकसान झालं तर जबाबदार कोण?

बऱ्याच जणांना उत्तर पटत नाही. पायलट हुकूम देत असला तरी जहाजाचा ताबा कप्तानाकडेच असतो. टग वापरण्याच्या प्रचलित ब्रिटिश करारात तर काम चालू असताना टगचे लोक हे भाड्याने घेणाऱ्याचे, म्हणजे जहाजाचेच नोकर मानले जातात. त्यामुळे टगच्या चुकीचा भुर्दंडही बऱ्याचदा जहाजाच्या विम्यावर येतो. करार बंदरागणिक वेगळा असतो. कप्तानाने टग पावतीवर सही करण्याआधी मागची बारीक अक्षरं वाचावीत, आणि घासल्याचा ओरखडा दिसला तर त्याच पावतीवर वेळेसकट लिहून ठेवावा.